सोता पत्थर आणि त्याच्या पाली

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, हैदराबादला आलात आणि कुकटपल्लीच्या पुढं गेलात, तर घरांच्या दाटीत मधेच एक उघडी टेकडी दिसेल. तिच्या माथ्यावर कुशीवर निजलेल्या म्हशीसारखा एक करडा-गुलाबी दगड पडलेला आहे. तोच मी. पूर्वी मेंढरं घेऊन येणारी माणसं भर दुपारी माझ्या सावलीत झोपत. म्हणून तेलुगू बोलणारे मला 'निद्र रायी' म्हणत आणि दखनी बोलणारे 'सोता पत्थर'. दोन्हींचा अर्थ एकच, झोपलेला दगड. मला ते नाव आवडतं. मी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं मला स्वप्नात पाहिल्यासारखंच आठवतं.

माझा जन्म जमिनीच्या खूप खोल झाला. तिथं सगळं वितळलेलं, लालबुंद होतं. ते इतकं सावकाश निवलं की माझ्या अंगातले पांढरे, गुलाबी, काळे कण एकेक करून निवांतपणे जमत गेले. मग वरची माती झिजत गेली आणि मी उजेडात आलो. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, असं होता होता माझे कोपरे पापुद्र्यांसारखे सुटून पडले आणि मी गोलसर झालो. माझ्या शेजारी, माझ्या खाली, माझ्या डोक्यावरही असेच दगड होते. लोकांना वाटायचं, कुणा राक्षसानं हे एकावर एक रचले. पण आम्हाला कुणी रचलं नाही. आम्ही सगळे एकाच खडकाचे. मधलं मधलं झिजून गेलं आणि आम्ही वेगवेगळे उरलो.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण माझ्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या पालींचंही पुढं असंच झालं.

घरातल्या भिंतीवर रात्री दिसते ती पाल वेगळी. माझ्या पाली बोटाएवढ्या, चपट्या आणि उन्हातान्हाच्या. सकाळी ऊन आलं की फटीतून बाहेर येतात, मुंग्या टिपतात, कलत्या उन्हात अंग शेकतात आणि अंधार पडायच्या आत पुन्हा फटीत शिरतात. त्या माझ्याकडे कधी आल्या हे मला नेमकं सांगता येणार नाही. तेव्हा इथं दाट झाडी होती. समोर पूर्वेला दुसरी एक टेकडी आहे, तिथपर्यंत सावली सलग होती. पाली इकडून तिकडे जायच्या, तिकडून इकडे यायच्या. सोयरीक जमायची. पिल्लं कुणाची आणि कुठली, हा प्रश्नच नव्हता.

मग हळूहळू पाऊस कमी झाला. झाडं विरळ झाली. मधे गवताचं उघडं रान पसरलं. उन्हाळ्यात ते इतकं तापायचं की वरची हवा पाण्यासारखी थरथरायची. समोरची टेकडी मला दिसत होती, पालींनाही दिसत असेल. पाखराला ती चार पंख मारण्याच्या अंतरावर होती. पण बोटाएवढ्या पालीला ते तापलेलं रान ओलांडणं शक्य नव्हतं. तिकडच्या तिकडे राहिल्या, माझ्या माझ्याकडे.

पुढं जे झालं ते कुणी मुद्दाम केलं नाही, मित्रांनो. प्रत्येक जिवाच्या आत एक लांबलचक मजकूर असतो. आईबापांकडून पिल्लांकडे जाताना त्याची नक्कल होते आणि नक्कल करताना कुठंतरी एखादं अक्षर बदलतं. बहुतेक वेळा त्यानं काही बिघडत नाही. कधी बिघडतं, कधी उपयोग होतो. माझ्या फटी अरुंद होत्या. त्यात ज्या जास्त चपट्या पाली शिरू शकल्या त्या ससाण्यांपासून वाचल्या, आणि त्यांची पिल्लं वाढली. समोरच्या टेकडीचे दगड काळसर, तिथं काळपट पाली लपून राहिल्या. इथं गुलाबी छटेच्या राहिल्या. माझ्याकडचे नर मादीला खुणावताना मान उचलून पिवळा गळा दाखवू लागले. तिकडचे नर शेपटी हलवत राहिले. पूर्वी नवं अक्षर इकडून तिकडे पोचायचं आणि सगळ्यांचं होऊन जायचं. आता ते इकडचं इकडेच राहायचं. किती पिढ्या गेल्या, मी मोजल्या नाहीत. मी डुलक्या घेत होतो.

त्या एकमेकींना परक्या झाल्या हे मला एका बैलगाडीमुळं कळलं. कुणीतरी विहीर बांधायला समोरच्या टेकडीवरून दगड नेत होतं. गाडी माझ्या पायथ्याशी थांबली. दगडांमधून एक काळपट नर उतरला आणि वर चढून माझ्या पाठीवर आला. जवळच एक मादी ऊन खात होती. तिच्यासमोर उभा राहून त्यानं शेपटी हलवली. मोठ्या डौलात हलवली. मादीनं पाहिलं आणि ती मुंगी टिपायला निघून गेली. दुसरीनंही तसंच केलं. तो हिवाळ्यापर्यंत माझ्या एका कोपऱ्यात राहिला. रोज सकाळी उन्हात येऊन शेपटी हलवायचा. कुणाला ती भाषा कळली नाही. त्याची पिल्लं इथं कधी झाली नाहीत. एके दिवशी तो फटीतून बाहेर आला नाही.

मला त्याचं फार वाईट वाटलं. दोघांचे पूर्वज याच सावलीत एकत्र राहिले होते, हे फक्त मला माहीत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. नवी जात अशी तयार होते, मित्रांनो. तिला वाढदिवस नसतो. अमुक दिवशी सकाळी ती जन्मली, असं कुणालाच म्हणता येत नाही. एखाद्या दिवशी कुणी शेपटी हलवतं आणि समोरच्याला ते कळत नाही, तेव्हा लक्षात येतं की आपण केव्हाच वेगळे झालो आहोत.

त्यानंतर मी पुन्हा बराच काळ झोपलो असेन. जागा झालो तेव्हा माणसं 'नवी धोरणं, परदेशी कंपन्या' असं बोलत होती. शहर कुकटपल्लीपर्यंत आलं होतं आणि तिथंही थांबत नव्हतं. माझ्या एका गालावर कुणीतरी निळ्या रंगात 'कॉम्प्युटर सीखो' असं लिहून वर बाण काढून ठेवला. मग एका रविवारी रेल्वे कामगारांच्या सोसायटीची माणसं आली. त्यांनी टेकडीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि जागा वाटून घेतल्या.

त्यातच नागोराव होते. मूळचे नांदेडकडचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरीला, तारनाक्याच्या क्वार्टरमध्ये राहणारे. निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्याबरोबर त्यांची बायको मनकर्णाबाई आणि मुलगी रेणुका होती. नागोरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"मनकर्णा, हे बघ. आपली जागा इथंच आली. हा दगड फुटला की इथं बैठकीची खोली."

"एवढा मोठा दगड फुटतो का हो?"

"सुरुंग लावला की काही बी फुटतं." ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "जन्मभर सरकारी भिंतीत राहिलो. खिळा ठोकायचा तर बी मनात भ्याव. आता स्वतःच्या भिंतीला पाहिजे तिथं खिळा ठोकीन."

मित्रांनो, मला फोडायला आलेल्या माणसाचा मला राग यायला हवा होता. पण त्यांचा तळहात गरम होता आणि आवाजात इतकं सुख होतं की मी ऐकतच राहिलो.

"बाबा, हात हलवू नका," रेणुका एकदम म्हणाली.

त्यांच्या करंगळीशेजारी एक नर येऊन थांबला होता. त्यानं मान उचलली. पिवळा गळा उन्हात चमकला. रेणुका श्वास रोखून खाली बसली. ती तारनाक्याच्या विद्यापीठात प्राणिशास्त्रात संशोधन करत होती आणि खडकांवरच्या पाली हाच तिचा विषय होता. समोरच्या टेकडीवरच्या पाली तिनं वर्षभर पाहिल्या होत्या. त्यांच्यात पिवळा गळा तिला एकदाही दिसला नव्हता.

"काय गं? पालच तर हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"हो आई. पालच आहे," रेणुका म्हणाली, पण तिची नजर हलली नाही.

पुढच्या आठवड्यात ती आपल्या मार्गदर्शकांना घेऊन आली. प्रमोदसर मूळ पुण्याचे, बोलायला शांत. ते माझ्यासमोर पोटावर आडवे झाले आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिले.

"सर, नवी जात असेल का?"

"असेल. नसेलही," ते कपडे झटकत म्हणाले. "वेगळी दिसते एवढ्यावर नवी जात होत नाही, रेणुका. तू आणि तुझी आई वेगळ्या दिसता. ऋतूप्रमाणे रंग बदलतो, वयाप्रमाणे बदलतो. आधी बघ, सगळ्याच नरांचा गळा पिवळा आहे का? हनुवटीखालचे खवले कसे आहेत? मांडीच्या आत जी बारीक छिद्रं असतात, ती इथं किती आणि तिथं किती? जुन्या संग्रहालयांत ठेवलेले नमुने मागव, त्यांच्याशी ताडून बघ. कुणी शंभर वर्षांपूर्वी हिलाच नाव दिलेलं असलं तर आपण पुन्हा बारसं करून उपयोग नाही. आणि हे सगळं वेगळं निघालं, तर मग आतला मजकूर वाचायचा. शेजारच्या प्रयोगशाळेत आता ते करतात."

त्या दिवसापासून रेणुका येतच राहिली. काठीला मऊ दोऱ्याचा फास बांधून ती पाल अलगद धरायची, भिंगाखाली बघायची, मोजायची, आणि जिथून उचलली त्याच फटीशी सोडायची. तिचा हात इतका हलका होता की पाली तिला भ्यायच्या बंद झाल्या. कोट्यवधी वर्षं मी इथं आहे. वाघ माझ्यावर बसले, सरदारांच्या फौजा माझ्या पायथ्याशी थांबल्या, पण माझ्या पालींकडे इतकं निरखून कुणीच पाहिलं नव्हतं. हिवाळ्याच्या सकाळी ती माझ्यावर पालथी पडून बघत असे, आणि ती पालीकडे बघते की पाल तिच्याकडे, हे मला कळेनासं व्हायचं.

कधीकधी नागोराव तिचा डबा घेऊन यायचे. एकदा ते म्हणाले, "रेणू, एक विचारू? तू अन् सर सारखं जात, जात म्हणता. मला तो शब्द कानाला टोचतो. तो मागं टाकावा म्हणून तर गाव सोडलं मी."

"बाबा, हा तो शब्द नाही."

"अक्षरं तर तीच हायेत."

रेणुकानं भिंग खाली ठेवलं. "शास्त्रात जात म्हणजे, ज्यांची आपसात पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात, ते सगळे एक. रंग वेगळा असेल, उंची वेगळी असेल. मधे समुद्र असेल. तरी एकच. या पालींचं आणि समोरच्यांचं तसं होतं की नाही, तेच मी शोधतेय. माणसांचं शोधायची गरजच नाही. जगात कुठलीही दोन माणसं घ्या. माणसाची जात एकच आहे."

"हे पुस्तकात लिवलेलं हाये?"

"पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात."

नागोरावांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मग आमच्या गावात कोणतं पुस्तक वाचत होते गं?"

खाली दूरवर खडीच्या यंत्राचा आवाज येत होता. थोड्या वेळानं नागोरावच म्हणाले, "म्हंजे पालींच्या जाती आपोआप पडल्या. आमच्या माणसांनी पाडल्या." आणि उठून टेकडी उतरू लागले. मी त्या वाक्यावर कितीतरी दिवस विचार करत होतो. दगडाला विचार करायला वेळच वेळ असतो.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. पश्चिमेकडून कॉम्प्रेसर आला, पहारी आल्या, सुरुंग आले. भोंगा वाजायचा, माणसं पळायची, मग जमीन हादरायची. माझ्या ओळखीचे दगड एकेक करून खडी होऊन गाडीत पडले. त्यांच्या फटींतल्या पाली धुरळ्यात इकडेतिकडे धावताना मी पाहिल्या. एका दुपारी माझ्याही पाठीत गिरमिट शिरलं. हातभर खोल भोकं पडली. दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दगडाला दुखत नाही म्हणतात. तेवढ्यावर सोडून देऊ.

त्या संध्याकाळी रेणुका आली आणि भोकांवरून बोट फिरवत रडली. प्रमोदसर बरोबर होते.

"सर, आत्ताच लिहू या ना, नवी जात आहे म्हणून. काम थांबेल. दगड वाचेल."

"आणि तपासणीत तसं निघालं नाही तर?"

"निघेल, सर. मला खात्री आहे."

"खात्री मलाही आहे. पण पुरावा अजून पुरा नाही. आज तू घाईत नाव दिलंस आणि ते खोटं ठरलं, तर पुढच्या टेकडीवर तू खरं सांगशील तेव्हा कोण ऐकेल?"

माझा जीव तिच्या एका शब्दावर होता, मित्रांनो. तो शब्द तिनं त्या दिवशी उच्चारला नाही. मला तेव्हा भीती वाटली. नंतर मात्र तिचा अभिमानच वाटला.

दोन दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी हिम्मतराव नागोरावांना घेऊन वर आले. हिम्मतराव रेल्वेत गार्ड होते. मनानं वाईट नव्हते. त्यांची म्हातारी आई भाड्याच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती, आणि 'मला आपल्या घरात मरू दे' असं रोज म्हणायची. रेणुका तिथंच होती.

"पोरी, एका पालीपायी सगळ्यांची घरं अडवतीस का?" ते म्हणाले. "हा दगड गेला तर जातील दुसऱ्या दगडावर."

"काका, दुसऱ्या दगडावर जाता आलं असतं तर त्या वेगळ्या झाल्याच नसत्या," रेणुका म्हणाली. "मी अडवत नाही. नवी जात आहे असं मी अजून म्हटलेलंच नाही. मला फक्त वेळ द्या. तपासणी होऊन जाऊ दे. नवी नसेल तर मी स्वतः येऊन सांगीन, फोडा म्हणून."

हिम्मतराव नागोरावांकडे वळले. "तुम्ही काय म्हणता? तुमचं क्वार्टर तर सुटणार आता. तुमचीच जागा हाये ही."

नागोरावांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग चुन्याच्या पुसट रेघेकडे. "उगादीपर्यंत, आपल्या पाडव्यापर्यंत थांबू," ते म्हणाले. "बैठकीत मीच बोलतो."

आणि ते बोलले. त्यांचीच जागा असल्यामुळं बाकीच्यांना नाही म्हणता आलं नाही. माथ्यावरचं काम उगादीपर्यंत थांबलं, खालचं चालू राहिलं. नागोराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडून मलकपेठेला, रेसकोर्सच्या मागं भाड्याच्या खोलीत राहायला गेले. तिथल्या भिंतीत खिळा ठोकायला घरमालकानं मनाई केली, हे मनकर्णाबाईंनी एकदा रेणुकाला सांगितलं तेव्हा मला कळलं.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं. जातीला नाव द्यायचं तर तिचा एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. पुढं कुणाला शंका आली, तर त्या नमुन्याशी ताडून बघता यावं म्हणून. म्हणजे माझ्यावरच्या एका पालीला जावं लागणार होतं. रेणुका त्या दिवशी आईला घेऊन आली. एकटीला येववेना, असं म्हणाली.

"रोज सकाळी पंचशील म्हणतीस ना तू?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "पहिलं शील कोणतं?"

"माहीत आहे, आई. जीव घ्यायचा नाही."

"अन् तरी?"

"नाव नसलं तर कुणाच्या लेखी या नाहीतच. सुरुंग लावणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, कोण पाली? कुठं लिहिलंय? नावाला एक देह लागतो, आई. दुसरी वाट मला कुणी शिकवलेली नाही. असती तर मी तीच धरली असती."

मनकर्णाबाई बराच वेळ माझ्या कडेला बसून राहिल्या. ऊन त्यांच्या पदरावरून सरकत माझ्यावर आलं. एक मोठा नर बाहेर आला आणि त्यानं मान उचलली. रेणुकानं फास पुढं केला. त्याला कापडी पिशवीत ठेवल्यावर तिनं दोन्ही तळहात माझ्यावर टेकवले आणि डोळे मिटले. मनकर्णाबाई उठल्या. मला वाटलं, त्या रागावून पुढं निघून जातील. पण त्यांनी मुलीच्या हातातून पिशवी घेतली, पदराखाली उन्हाआड धरली, आणि सांभाळून पावलं टाकत त्या टेकडी उतरल्या.

उगादीच्या आधीच्या रविवारी सोसायटीची सगळी माणसं वर जमली. कडुनिंबाला फुलं आली होती. प्रमोदसरांनी सगळ्यांना कळेल असं सांगितलं. खवले वेगळे निघाले, मांडीवरची छिद्रं वेगळी निघाली, जुन्या कुठल्याही नमुन्याशी जुळणी होत नव्हती. आतला मजकूरही वाचून झाला होता. समोरच्या टेकडीवरच्या पाली आणि या पाली लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या. ही जात आजवर आणखी कुठं सापडलेली नव्हती. फक्त इथं होती, आणि या टेकडीचाही अर्ध्याहून जास्त भाग तोवर खडी होऊन गेला होता.

मग कुजबुज सुरू झाली. हिम्मतरावांनी नकाशा माझ्या पाठीवर पसरला. वसाहतीत मोकळी जागा सोडावीच लागते, ती खाली नाल्याकडे सोडलेली होती. ती माथ्यावर आणता येईल, असं त्यांनी बोटानं दाखवलं. मात्र माथ्यावरची जागा नागोरावांची. त्यांना मग नाल्याकडचा कोपरा घ्यावा लागणार.

"नागोराव, तिथं पावसाळ्यात पाणी येतं बरं का," हिम्मतराव म्हणाले. त्यांना ते सांगताना अवघड होत होतं. "चालंल का?"

रेणुका बापाकडे बघत होती. नागोरावांनी पहिल्या दिवशी थाप मारली होती तिथंच हात ठेवला, पण या वेळी हात तसाच राहू दिला. "जोतं उंच घ्यावं लागंल," ते शेवटी म्हणाले. "घेऊ."

त्यानंतर काही महिन्यांनी रेणुका एक छापील लेख घेऊन आली आणि वडिलांना माझ्या सावलीत बसवून वाचून दाखवू लागली. शास्त्रात नाव दोन शब्दांचं असतं, तिनं सांगितलं. पहिला शब्द कुळाचा, म्हणजे जवळच्या भाऊबंदांचा. दुसरा तिचा एकटीचा. या दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ होता, निजलेल्या दगडावर राहणारी.

"अन् त्याच्यामागं हे काय लिवलंय?"

"ज्यानं नाव दिलं त्याचं नाव. जगात कुठंही या पालीचं पूर्ण नाव लिहिलं की मागं हे लिहितात."

नागोरावांनी चष्मा सारखा केला. इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. तिथं 'नागोराव' असं लिहिलेलं होतं.

शाळेत घालताना त्यांनी मुलीच्या नावापुढं आडनाव लिहिलंच नव्हतं. आडनावावरून लोक नको ते ओळखतात, म्हणून 'रेणुका नागोराव' एवढंच लिहिलं होतं. आता शास्त्राच्या रीतीप्रमाणं तेच शेवटचं नाव पालीच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं होतं.

"हे पुसतं का कधी?" त्यांनी विचारलं.

"पाल कुठल्या कुळातली यावर उद्या वाद होऊ शकतो, बाबा. कुणी तिला दुसऱ्या कुळात नेईल. शास्त्रात तसं चालतं. पण पहिल्यांदा कुणी ओळखली, ते राहतं."

नागोरावांनी कागद घडी न घालता हातात धरला. घडी पडली तर बरं दिसणार नाही, असं म्हणाले. वाऱ्यानं तो फडफडत होता, आणि ते त्याला दोन्ही हातांनी सांभाळत होते.

मित्रांनो, त्या दिवसांत मला फार मान मिळाला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. विद्यापीठातून मुलं आली, कुणी माझ्याभोवती तारेचं कुंपण घातलं. मग लोकांना दुसरी कामं आली. कुंपणाची तार कुणीतरी काढून नेली. आता माझ्या पायथ्याशी कचरा जळतो आणि त्याचा धूर फटीत शिरतो. संक्रांतीला पतंगाचा मांजा माझ्यावर अडकून राहतो. कुणी रंगाच्या डब्यानं आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव माझ्यावर लिहून गेलं. तरी पाली आहेत. सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांत त्या आता अंडी घालतात. आत गारवा असतो, पाखरांची चोच पोचत नाही. पांढरी, गोल, करंगळीच्या नखाएवढी अंडी. मी त्यांच्याभोवती शक्य तितका स्तब्ध राहतो. मला तेवढंच जमतं.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या गावातही कुठंतरी एखादा दगड असेल, डबकं असेल, जुनं झाड असेल. त्याच्यावर कोण राहतं हे अजून कुणी पाहिलेलं नसेल. ते फोडण्याआधी, बुजवण्याआधी, तोडण्याआधी एकदा वाकून बघा. आणि माझ्याकडे यायचं असेल तर हिवाळ्यात सकाळी या. कचऱ्याला कुणी काडी लावत असेल तर त्याला नको म्हणा. वर आल्यावर सूर्याकडे तोंड करून बसा, म्हणजे तुमची सावली मागं पडेल, समोरच्या फटींवर पडणार नाही, कारण सावलीला त्या भितात. हात स्थिर ठेवा, बोलू नका. जरा वेळ लागेल. मग तुमच्या बोटाशेजारच्या फटीतून एक चपटं डोकं बाहेर येईल आणि उन्हात मान उचलेल.